पायाखालचा स्विच

८ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ९.१५

मालविकाचा फोन. मला नाही, तिच्या आईला, सौदामिनीला. लातूरचं घर तयार झालं, दसऱ्याला वास्तुशांत. सौदामिनीनं फोन माझ्यापुढं धरला, पण माझे हात साबणाचे होते, त्यामुळं लेकीशी बोलता आलं नाही. (साबण फोन वाजल्यावर लावला, ही गोष्ट वेगळी.)

निर्णय: लेकीच्या घरचा देव्हारा मी स्वतःच्या हातानं करणार. सागवानी, महिरपीचा. तो घेऊनच दसऱ्याला लातुरात पाऊल ठेवणार. तोवर फोन नाही, नाहीतर सरप्राइज राहत नाही. हातात चोवीस दिवस आहेत. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत काढली, माझ्या टेबलावरून एकही फाइल मुदतीबाहेर गेली नाही. गेली असेल तर ती पुढच्या टेबलावरून.

लग्नाला दोन वर्षं झाली. नांदेडहून लातूरला जाणं झालेलं नाही. म्हणजे माझं. सौदामिनी सहा वेळा जाऊन आली. कारण काही विशेष नाही, रिटायर माणसाला वेळच मिळत नाही. लग्नात व्याह्यांनी, आप्पासाहेबांनी, सगळ्या मानकऱ्यांना फेटे बांधले, गाडीच्या ड्रायव्हरलासुद्धा बांधला, आणि मुलीच्या बापाला विसरले, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. आप्पासाहेब नंतर म्हणाले, गडबडीत राहून गेलं. राहू दे. मी तेव्हा जरा लवकर निघालो होतो, एवढंच. या विषयावर मला काही लिहायचं नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

सौदामिनी म्हणाली, पितृपक्ष लागलाय, देवाच्या कामाला आत्ता हात लावू नका. बरोबर आहे. तेव्हा सर्वपित्रीपर्यंत फक्त पूर्वतयारी. पूर्वतयारी नीट झाली की काम अर्ध्या वेळात होतं, हे कचेरीत मी सगळ्यांना सांगायचो.

पत्र्याच्या शेडमधला माझा वर्कशॉप झाडून घेतला. मुख्य मशीन जिगसॉ. ही खरं तर हातात धरायची विजेची करवत. मी ती टेबलाखाली उलटी बसवली आहे, पातं टेबलातल्या फटीतून वर येतं. दोन्ही हातांनी फळी पात्यावर फिरवायची, वळणदार कापता येतं. कल्पना माझी. अडचण एकच. बटण टेबलाखाली राहिलं. चालू करायला वाकायचं, बंद करायला वाकायचं, आणि वाकताना फळी एका हातात.

मे महिन्यात याच वाकण्यात डाव्या अंगठ्याला तीन टाके पडले. तेव्हा सौदामिनीनं जाहीर केलं की या शेडमध्ये परत रक्त दिसलं तर दुसऱ्या दिवशी सगळी मशीनं भंगारात. ती शाळेत गणित शिकवते. बोललेलं करते.

यावर उपाय सापडला आहे. पायाचा स्विच! पायानं चालू, पायानं बंद, हात दोन्ही मोकळे. आधी स्विच, मग देव्हारा.

११ सप्टेंबर, गुरुवार. दुपारी

बाजारातून आणायची गरजच काय? घरात विजेच्या शिलाई मशीनचा पेडल आहे. सौदामिनी शाळेत गेल्यावर काढून जोडला. मशीन सुरू झालं. सुंदर. पायाचा दाब वाढवला की वेग वाढतो. साडेचार मिनिटं चाललं. मग वास. मग धूर. पेडल खालून मऊ झाला आणि माझ्या चपलेला चिकटला.

शिलाई मशीनला वीज लागते थोडी, करवतीला लागते कितीतरी जास्त. हे मला माहीत होतंच. खात्री करून घेतली.

संध्याकाळी ७. सौदामिनीला वास्तुशांतीसाठी ब्लाउज शिवायचा होता. आज बोलत नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

ऑनलाइन ऑर्डर दिली. लोखंडी, हेवी ड्यूटी. चार-पाच दिवसांत येईल. तोवर मशीनला हात न लावण्याचा निर्णय घेण्यात आला, कारण सुरक्षितता. देव्हाऱ्याचं ड्रॉइंग केलं. रुंदी चोवीस इंच, उंची छत्तीस. वर नऊ पाकळ्यांची महिरप.

सौदामिनीनं विचारलं, चोवीस कुठून आणले? देवघराची जागा केवढी आहे ते मालविकाला विचारू का? मी म्हणालो, अजिबात नाही, तिला कळेल. सौदामिनी म्हणाली, तिला कळलेलंच आहे, मी सांगितलंय. हे मला आवडलं नाही. पण मी स्वतः फोन करणार नाही. चोवीस हा स्टँडर्ड आकडा आहे.

१७ सप्टेंबर, बुधवार

मराठवाडा मुक्तिदिन. झेंडावंदनाला गेलो. पार्सल आलं नाही. पंधरा दिवस उरले.

१८ सप्टेंबर, गुरुवार. दुपारी १

आलं! वजनदार, लाल झाकण, पाय ठेवायचा पिवळा पट्टा. जोडलं.

दुपारी १.४०

एक बारीक गोष्ट. पाय ठेवला, मशीन सुरू. पाय उचलला, मशीन सुरूच. फळी हातात थरथरतेय, पातं समोर, आणि मी पाय वर करून उभा. हे बंद का होईना? ओरडलो. कुणाला ओरडलो माहीत नाही. शेवटी परत पाय मारला तेव्हा थांबलं.

कागद वाचला. दोन प्रकार असतात. एकात पाय दाबून धरला आहे तोवरच मशीन चालतं. दुसऱ्यात एकदा दाबला की चालू, परत दाबला की बंद. मी दुसरा मागवला. चुकून नाही. पायावर सतत दाब राहिला तर गुडघा दुखतो. विचार करूनच मागवला असणार.

अर्धा तास नुसता सराव केला. दाब, सोड, दाब, सोड. हात अजून किंचित थरथरतात. मशीनच्या व्हायब्रेशनमुळं.

२० सप्टेंबर, शनिवार

गल्लीच्या टोकाला नागप्पा सुताराचं दुकान आहे. देगलूरकडचा, चाळीस वर्षं हाच धंदा. त्याला आधुनिक तंत्र दाखवावं म्हणून बोलावलं. डेमो दिला. खूश होईल असं वाटलं होतं. स्विचकडं बघत उभा राहिला. म्हणालो, घे, पाय ठेव. तो म्हणाला, न्हाई सायेब, हत्याराला पाय न्हाई लावत मी.

मी म्हणालो, अरे, तू फळी पायाच्या बोटांत धरून रंधा मारतोस! तो म्हणाला, ते लाकूड हाय. लाकडाला पाय चालतो, हत्याराला न्हाई. मग चष्मा पुसत म्हणाला, आन दुसरं म्हंजे, हाताला दिसतंय, पायाला दिसत न्हाई. तुमी वर बघून राहिले, पाय खाली काय करून राहिला तुमाला काय ठावं?

अशा विचारांमुळंच आपला भाग मागं राहिला. त्याला तसं सांगितलं नाही, कारण पात्याला धार त्याच्याकडूनच लावून घ्यायची आहे.

जाताना म्हणाला, ताईचा देव्हारा व्हय? मी येऊ का हाताला? मी म्हणालो, मला एकट्यालाच करायचाय.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना. सकाळी ११

पितृपक्ष संपला. आजपासून कापायला सुरुवात. दहा दिवस पुष्कळ आहेत.

११.५०

लगेच लिहून ठेवतो.

पातं बदलत होतो. नवं पातं दोन बोटांत धरून फटीत बसवत होतो. सौदामिनी चहा घेऊन आली. नऊ दिवस ती अनवाणी असते. टेबलाशी आली, कप ठेवायला वाकली, पाय पुढं पडला, आणि पातं माझ्या बोटांतून वर-खाली नाचायला लागलं.

बोटं मी कशी काढली, आठवत नाही. चहा भिंतीवर गेला. सौदामिनीला आपण काय केलं ते कळेना, ती आहे तिथंच खिळून उभी, म्हणजे स्विचवरच, आणि मशीन चालूच. मी ओरडलो, पाय काढ. तिनं काढला. तरी चालू. मग ती पण ओरडली. शेवटी मी जाऊन भिंतीवरचं बटण बंद केलं.

रक्त नाही. नखाचा कोपरा गेला, नखात रक्त नसतं.

सौदामिनी पायरीवर बसून राहिली. मग म्हणाली, तुमचं बोट माझ्या पायानं गेलं असतं. मग उठून भिंतीवरचा चहा पुसायला लागली. म्हणाली, मालविकाला देव्हारा नकोय, तुम्ही या एवढंच तिचं म्हणणं आहे. मी म्हणालो, देव्हाऱ्याशिवाय कसं जायचं, रिकाम्या हातानं? ती म्हणाली, बापानं रिकाम्या हातानं गेलं तर चालतं.

तिला जगरहाटी कळत नाही.

निर्णय: पातं बदलताना आधी भिंतीवरचं बटण बंद. स्विचवर घमेलं उपडं घालायचं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

घमेलं योग्य नाही. दिसतही वाईट. स्विचला एक कायमची पेटी हवी, वर झाकण, पुढून फक्त पंजा जाईल एवढी जागा. म्हणजे चुकून कुणाचा पाय पडणार नाही. गेले तीन दिवस तीच करतोय. हातानं, बिनमशीनची. कोपरे एकमेकांत खाचा पाडून बसवले, तीन वेळा पॉलिश केलं. इतकं सुबक काम मी आजवर केलेलं नाही. देव्हाऱ्यासाठी आणलेल्या सागवानातली एक फळी लागली. उरलेल्यात देव्हारा आरामात बसतो.

सौदामिनीनं पेटी बघितली. हा देव्हारा का, विचारलं. मी म्हणालो, स्विचची पेटी. तिनं पेटीवरून हात फिरवला आणि ती घरात गेली.

सात दिवस.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

पाऊस. दिवसभर लाइट नाही. लातूरकडं रस्त्यावर पाणी आलंय म्हणे. लाकूड दमट झालं, पेटीचं झाकण फुगून घट्ट बसलं. वाट बघणं हाही कामाचा भाग आहे.

रात्री सौदामिनी फोनवर मालविकाशी हळू बोलत होती. मी पेपर वाचत होतो. कानावर एवढंच आलं की, हो ग, येतील, या वेळी येतील.

२८ सप्टेंबर, रविवार

लाइट आली. पेटीचं झाकण उघडेना, म्हणून पेटीच काढून ठेवली, स्विच परत उघडा. घमेलं जागेवर.

आज मात्र झपाटून काम केलं. दोन्ही बाजू, तळ, मागची फळी कापून झाली. स्विचची आता सवय झाली आहे. दाब, काप, दाब. मध्ये दोनदा दुसरा दाब विसरलो, तेवढं सोडलं तर उत्तम. सगळं चिकटवून उभं केलं. जरासं डावीकडं झुकतं. जमीन समतल नाही.

राहिली फक्त महिरप. एका दिवसाचं काम.

सौदामिनीनं एक तारखेच्या दुपारच्या बसची तिकिटं काढली, दोघांची. मी म्हणालो, तू पुढं हो. मी दसऱ्याला पहाटे देव्हारा छोट्या टेम्पोत घालून येतो, आठपर्यंत हजर. तिनं माझं तिकीट टेबलावर ठेवलं. परत केलं नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार. सायंकाळी ५

महिरप तुटली. सातव्या पाकळीला. लाकडातच दोष होता. अजून एका महिरपीपुरतं लाकूड आहे. उद्या.

नागप्पा येऊन बघून गेला. म्हणाला, उद्या खंडेनवमी हाय सायेब. उद्या हत्यार न्हाई चालवत. मला ठाऊक आहे. मी काय साहेबाच्या देशात राहतो का?

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी. सकाळी १०

सौदामिनीनं माझ्या हत्यारांची पूजा मांडली. दरवर्षी मांडते. पाटावर रंधा, पटाशी, हातोडी. जिगसॉला झेंडूचा हार. मग शेडमध्ये इकडंतिकडं बघून म्हणाली, हा पण तुमचं हत्यारच ना? आणि पायाच्या स्विचलाही हळद-कुंकू वाहिलं. त्यावर एक झेंडूचं फूल ठेवलं, अक्षता टाकल्या, वाकून नमस्कार केला. म्हणाली, बोटं सांभाळ रे बाबा. ती त्या दिवसापासून त्याला घाबरते.

आज हत्यारांना विश्रांती. मी पण ठरवलंय, हात लावायचा नाही.

दुपारी १.१५

सौदामिनीची बस गेली. खिडकीतून म्हणाली, सकाळी आठला, मी मालविकाला सांगितलंय. बस वळेपर्यंत माझ्याकडं बघत होती.

२.३०

विचार केला. पूजा सकाळी झाली. विश्रांती साडेचार तास झाली. नवरात्रात दवाखाने बंद असतात का? नसतात. डॉक्टरही हत्यारच चालवतात. आणि हे देवाचंच काम आहे. फक्त महिरप कापून मशीन परत विश्रांतीला सोडणार.

स्विचवरचं फूल बाजूला ठेवलं. माफी मागितली. चप्पल काढून पाय धुतले, देवाच्या गोष्टीला चपलेचा पाय लावायचा नाही म्हणून.

सायंकाळी ७.३०

डाव्या हाताच्या दोन बोटांना मिळून नऊ टाके. बोटं जागेवर आहेत. क्रमानं लिहितो.

पाय ठेवला. मशीन सुरू. पहिल्या सहा पाकळ्या सुरेख निघाल्या. सातवीला सावकाश घेतलं, निघाली. आठवी निघाली. घाम डोळ्यात जायला लागला. नववीच्या वळणावर उभं राहायची जागा बदलली, आणि उघड्या अंगठ्याला काहीतरी ओलसर लागलं. कुंकू. पाय लागला देवाला!

आणि माझा उजवा हात फळी सोडून खाली गेला. मी पाठवला नाही. साठ वर्षांची सवय आहे, पुस्तकाला पाय लागला, कुणा माणसाला पाय लागला, की वाकून हात लावायचा आणि तो कपाळाला न्यायचा. हात स्विचला लागला, कपाळाकडं निघाला, आणि वर फळी एकट्या डाव्या हातात. पात्यानं फळी उचलून आपटली. महिरपीचे तीन तुकडे. फळी गेली तिथं माझी बोटं आली.

मशीन चालूच होतं. स्विच असा आहे की तो परत दाबल्याशिवाय बंद होत नाही, आणि मला खाली बघायचं सुचेना. लाल होतं सगळं, खाली कुंकू आणि वर मी. नागप्पा आवाजानं धावत आला. त्यानं स्विचकडं बघितलंसुद्धा नाही, भिंतीवरचं बटण बंद केलं. त्याच्या खांद्याचा गमछा माझ्या हाताला बांधला, मोटारसायकलवर मागं बसवलं. वाटेत एवढंच म्हणाला, घट्ट धरा सायेब, मला धरा.

नोंद: अपघात स्विचमुळं झाला नाही. नमस्कारामुळं झाला.

रात्री ८

नागप्पा अजून बसलाय. म्हणतो, महिरप राहू द्या सायेब, वर सरळ पट्टी मारतो, तासाभराचं काम. बाकी सांगाडा चांगला हाय, थोडा ठोकून सरळ करतो. पहाटे चारला माझा मेव्हणा टेम्पो घेऊन येतो, आपण तिघं जाऊ. आठाला तुमाला लेकीच्या दारात उतरवतो.

मी नाही म्हणालो. सरळ पट्टीचा देव्हारा माझ्या नावाला शोभत नाही. आणि असा पट्टी बांधलेला हात घेऊन कुठं जायचं? सौदामिनीला रक्ताचं कळेल.

तो म्हणाला, सायेब, पट्टीचं कारण न्हाई हे.

मी म्हणालो, तू जा आता, उद्या सण आहे.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सकाळी ८. फोन वाजला. चार्जिंगला होता.
८.२०. परत.
९.४५. परत. सौदामिनी. मग एक नंबर, सेव्ह नाही, जावईबापू बसवराजचा असावा. मग परत सौदामिनी.
११. मेसेज केला, टेम्पो मिळाला नाही. मिळाला नव्हता, मी विचारलं नव्हतं.
संध्याकाळी नागप्पा आपट्याची पानं घेऊन आला. सोनं घ्या, म्हणाला.  पानं मी उजव्या हातानं घेतली.

४ ऑक्टोबर, शनिवार

सौदामिनी आली. माझा हात बघितला. मला वाटलं आता मशीनं भंगारात जाणार. तिनं पट्टी बदलायची का, एवढंच विचारलं.

मी विचारलं, पूजा नीट झाली? झाली. माणसं किती होती? पुष्कळ. आप्पासाहेब काही म्हणाले? नाही. मालविका?

ती म्हणाली, काही नाही.

म्हणजे विचारलं असेल ना, मी का आलो नाही? सौदामिनी म्हणाली, नाही. तिनं विचारलं नाही.

संध्याकाळी मी परत विचारलं. तेच उत्तर.

५ ऑक्टोबर, रविवार

आज शेडमध्ये जाऊन स्विचची वायर काढली. एका हातानं वेळ लागला. झेंडूचं फूल टेबलाखाली सुकलेलं सापडलं.

इथं दुसरं कुणी वाचत नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही. लग्नात मी लवकर निघालो, असं वर लिहिलंय. मी पंगतीतून उठलो होतो. फेट्यावरून आप्पासाहेबांना चार माणसांत बोललो आणि ताटावरून उठून सरळ स्टँडवर गेलो. मालविकाच्या पाठवणीला मी नव्हतो. ती गाडीत बसताना मागं वळून मला शोधत होती, असं सौदामिनीनं एकदाच सांगितलं, दोन वर्षांपूर्वी. त्यानंतर तिच्या दारात जायची मला भीती वाटते. देव्हारा असता तर पहिल्यांदा सगळ्यांनी देव्हाऱ्याकडं बघितलं असतं.

स्विच चांगला होता. पण मी महिना त्याच्यात घातला, कारण स्विच आला नाही तोवर देव्हारा नाही, आणि देव्हारा झाला नाही तोवर लातूर नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार. लातूर. दुपारी ३.२०, बसस्टँड

सौदामिनीला ड्रेसिंगला जातो सांगून निघालो. बसनं लोहा, अहमदपूर, चाकूर. अडीचला पोचलो. औसा रोडला रिक्षा. खिशात मेजरिंग टेप होता. निदान माप घेऊन जावं, म्हणजे येण्याला कारण झालं.

घराला कुलूप. मालविका शाळेत, जावई क्लासवर शिकवायला, हे मला आधी सुचायला हवं होतं. पाटीवर दोघांची नावं. दाराला तोरण अजून होतं, वाळलेलं.

शेजारच्या बाई बाहेर आल्या. साखराबाई नाव. माझ्या हातात टेप बघून म्हणाल्या, नांदेडहून आले का? देव्हाऱ्याचे सुतार का तुमी? ताई सांगत हुत्या, देव्हारा नांदेडहून येणार हाय म्हनून.

मी हो म्हणालो. का म्हणालो, माहीत नाही.

त्यांच्याकडं किल्ली होती. दार उघडून दिलं. लेकीच्या घरात मी चपला काढून, सुतार म्हणून शिरलो. घर छान आहे. उजेड भरपूर. देवघराचा कोनाडा स्वयंपाकघराच्या शेजारी. देव खाली, धुतलेल्या फडक्यावर मांडलेले. कोनाडा सोळा इंच रुंद. माझा देव्हारा चोवीस. माप दोनदा घेतलं, सोळाच.

साखराबाईंनी चहा दिला. मी म्हणालो, बाजारात तयार देव्हारे मिळतात की. त्या म्हणाल्या, ताईचे सासरे आनायलाच निघाले हुते त्या दिवशी. ताई न्हाई म्हणल्या. येईल म्हणल्या, वाट बघायची.

मग आपणहून सांगायला लागल्या. ताईचे वडील येणार हुते म्हणं पूजेला. त्यांचा पाट मांडून ठेवला हुता ताईनं, सासऱ्याच्या पाटाशेजारी. आईबी म्हणल्या उचल ग आता, तरी न्हाई उचलला. माणसं जेवून गेली, उष्टी काढली, तरी पाट तसाच. सांजच्याला सासऱ्यानं सवता उचलला. म्हातारे बिमार असतील, नस्ता लेकीच्या वास्तूला बाप कसा येणार न्हाई?

मी म्हणालो, हाव, असतील बिमार.

त्यांनी विचारलं, नांदेडचेच हायेत, तुमी ओळखता का त्यांना?

मी म्हणालो, न्हाई.

कप विसळून ठेवला आणि निघालो.

३.५०

नांदेडची गाडी लागली. कंडक्टर ओरडतोय. डाव्या हाताला ठणका लागलाय.

४.०५

गाडी गेली. मी बाकावरच आहे. मालविका साडेपाचला घरी येते म्हणे. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही. टेप इथंच बाकावर ठेवून उठतो.